कोल्हापुरात नवा फ्लॅट घेताना एकूण खर्च किती येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅट राजारामपुरीत बघत असा, फुलेवाडी रिंगरोडला किंवा पाचगाव-कळंब्याकडे, चौकशीची सुरुवात "फुटाला काय दर?" यानेच होते. दर कळला की घरी येऊन गुणाकार होतो आणि तोच आकडा डोक्यात ठेवून बँकेत जाणं होतं. मग दस्ताच्या आठवड्यात चार-पाच लाख कमी पडतात आणि घरातलं सोनं घेऊन गुजरी (सराफ बाजार) गाठावी लागते, नाहीतर पाहुण्यांकडं हात पसरावा लागतो. हे टाळता येतं. टोकन देण्याआधी बिल्डरकडून एक कागद, म्हणजे कॉस्ट शीट, मागून घ्या: किल्ली हातात पडेपर्यंत द्यायचे सगळे पैसे ओळीने लिहिलेला, सही-शिक्क्यासह. साइट ऑफिसात पेन्सिलने कोपऱ्यात मांडलेला हिशोब म्हणजे तो कागद नव्हे. खालचे बहुतेक प्रश्न त्या कागदावरच्या ओळींबद्दलच आहेत.

फुटाचा दर सांगतात तो नेमका कुठल्या फुटाचा?

पहिला प्रश्न हाच विचारा. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याप्रमाणे, विक्री कार्पेट एरियावर व्हायला हवी आणि करारात कार्पेटचाच आकडा लिहावा लागतो. तरी तोंडी बोलताना अजून "बिल्टअप", "सुपर बिल्टअप", "सेलेबल" असे, भिंती-जिने-लॉबी धरून मोठं केलेलं क्षेत्र सांगणारे शब्द सर्रास येतात.

समजा, हजार फुटांचा टू बीएचके, दर ४,५०० म्हणजे ४५ लाख, असं तुम्हाला सांगितलं. करारात कार्पेट ७०० फूट निघालं, तर तुम्हाला दर पडला ६,४२८ रुपये. शेजारच्या साइटवर दर ६,२०० आहे पण तो कार्पेटवर आहे, तर ती साइट स्वस्त. दोन फ्लॅटची तुलना करायची असेल तर सगळी रक्कम कार्पेटने भागा आणि मगच बोला.

कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरता येणारी जागा. आतल्या खोल्यांमधल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमच्या एकट्याच्या वापराची बाल्कनी आणि उघडं टेरेस धरत नाहीत. त्यामुळे बाल्कनीचं क्षेत्र करारात वेगळं लिहून घ्या. ताब्याच्या वेळी स्वतः टेप लावून मोजा. महारेराच्या (रेरा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) नमुना करारात कार्पेटमध्ये ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे परत मिळण्याची तरतूद त्याच करारात आहे.

मूळ किमतीशिवाय कॉस्ट शीटवर आणखी काय असतं?

साधारणपणे या ओळी असतात: पार्किंग, लाईट मीटर आणि ट्रान्सफॉर्मरचे पैसे (आपल्याकडे सगळे अजून "एमएसईबीचे पैसे"च म्हणतात), पाण्याचं कनेक्शन, "इन्फ्रा" किंवा "डेव्हलपमेंट", वकील फी, सोसायटी किंवा अपार्टमेंट स्थापनेचा खर्च, एक-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, आणि शेवटी जीएसटी, स्टॅम्प, नोंदणी.

यातल्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न लावा. हे पैसे किमतीत धरलेत की वरून? आणि कशाचे आहेत? "इन्फ्रा" या शब्दाखाली काहीही बसतं, म्हणून तिथे जरा हट्टाने विचारा. महावितरणच्या मीटरची अनामत वेगळी आणि ट्रान्सफॉर्मर-केबलचा साइटचा खर्च वेगळा. दोन्ही एका ओळीत घातले असतील तर फोड मागा. उघड्या जागेतलं पार्किंग रेराखाली स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा असते. छताखालचं पार्किंग विकत घेत असाल तर त्याचा नंबर, लांबी-रुंदी आणि जागा करारात यायला हवी. दोन खांबांच्या मध्ये गाडी बसते पण दार उघडत नाही, अशी पार्किंग कमी नाहीत. जाऊन बघा.

बिल्डरने नेमलेले वकील करारनामा करून देतात, पण ते बिल्डरचे वकील असतात. तीस वर्षांचा सर्च (जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) घ्यायला आणि करार वाचून घ्यायला आपला वकील वेगळा नेमा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेतीचा आदेश, विकसन करार आणि वटमुखत्यारपत्र हे त्यांना दाखवायचे कागद. या सगळ्या व्यवहारात ही फी वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जीएसटी १ टक्का की ५ टक्के?

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला १ एप्रिल २०१९ पासून दोनच दर आहेत. परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५ टक्के. कोल्हापूर महानगरांच्या यादीत नसल्याने आपल्याकडे परवडणारं घर म्हणजे कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत (सुमारे ९६८ चौरस फूट) आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. दोन्ही अटी एकदम पाळल्या गेल्या पाहिजेत.

खरी गोम ४५ लाखांच्या रेघेवर आहे. फ्लॅट ४४ लाख ९० हजारांना असेल तर जीएसटी ४४,९००. तोच फ्लॅट ४५ लाख ५० हजार झाला की जीएसटी २,२७,५००. किंमत वाढली साठ हजारांनी आणि कर वाढला १,८२,६०० रुपयांनी. शिवाय ही मर्यादा मोजताना फक्त मूळ किंमत बघत नाहीत. पार्किंग, डेव्हलपमेंट, वरच्या मजल्याचे किंवा कॉर्नरचे जादा पैसे हेही त्यात धरतात. म्हणजे "फ्लॅट ४३ लाख, पार्किंग दीड लाख, इन्फ्रा एक लाख" अशी मांडणी असेल तर बेरीज ४५ लाख ५० हजार होते आणि तुम्ही ५ टक्क्यांत जाता. तुमचा सौदा ४४ ते ४६ लाखांच्या आसपास घोटाळत असेल तर भाव थोडा खाली आणण्यासाठी बसून बोलणं सगळ्यात जास्त इथेच कामी येतं. ती बेरीज घरच्या घरी करून मगच साइट ऑफिसला जा.

रेघेखाली राहण्यासाठी "थोडे रोख द्या, कागदावर कमी दाखवू" असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. त्या रोखीची पावती नसते, त्यावर कर्ज मिळत नाही आणि सौदा मोडला तर ती मागायला तोंड राहत नाही.

तयार फ्लॅटला जीएसटी नाही, मग तोच घ्यावा का?

पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही, हे खरं. "काम पूर्ण झालंय, लोक राहायला आलेत" एवढं पुरत नाही. दाखल्याची तारीख बघा आणि प्रत मागा. दाखला नसताना पूर्ण पैसे देऊन राहायला गेलेली कुटुंबं पुढे पाण्याचं कनेक्शन, फेरविक्री आणि कर्ज या तिन्ही ठिकाणी अडतात.

तयार फ्लॅटचा दर बहुधा चढा असतो. तरी घरभाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकदम भरण्याचा काळ वाचतो. ही रक्कम मांडून बघितली तर बऱ्याच नोकरदार कुटुंबांना तयार घरच परवडतं.

स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीला किती लागतात?

महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार, असे ६ टक्के. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. याशिवाय दस्त हाताळणीचे पानागणिक पैसे लागतात, ती रक्कम किरकोळ असते. शहराबाहेरच्या गावात शुल्काचा दर वेगळा असू शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयात गट नंबर सांगून आधीच विचारून घ्या.

शुल्क करारातल्या किमतीवर किंवा शासनाच्या रेडीरेकनरवर (भागाप्रमाणे ठरवलेल्या सरकारी दरावर) निघतं. जी रक्कम जास्त, तिच्यावर. रेडीरेकनरचे नवे दर एप्रिलमध्ये लागू होतात, म्हणून मार्चअखेरीस निबंधक कार्यालयात गर्दी उसळते. तुमचा रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) किंवा वॉर्ड आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) हाताशी असला की मूल्यांकन काढता येतं. ई वॉर्डातल्या दोन लगतच्या रस्त्यांचे दरही सारखे नसतात.

४२ लाखांच्या फ्लॅटचा हिशोब असा: शुल्क २,५२,०००, नोंदणी ३०,०००, जीएसटी १ टक्क्याने ४२,०००. फक्त सरकारजमा रक्कम ३ लाख २४ हजार झाली.

करारावर पूर्ण शुल्क भरलेलं असलं की पुढे खरेदीपत्र किंवा अपार्टमेंट डीड करताना तेच शुल्क पुन्हा भरावं लागत नाही. तो दस्त करून घ्यायचा मात्र राहू देऊ नका.

घर बायकोच्या नावावर घेतलं तर किती वाचतात?

राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४२ लाखांवर ४२,००० रुपये. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर सवलत नाही. आई आणि मुलगी, सासू आणि सून अशा दोघी असतील तर चालतं. पूर्वी हे घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये काढली.

एक गोष्ट आधी ठरवा. नवरा मालक नसेल तर कर्जाचा हप्ता तो भरत असूनही त्याला व्याजाची प्राप्तिकर वजावट घेता येत नाही. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना हा फरक ४२,००० पेक्षा मोठा पडू शकतो. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही, तिथे हा विचार करायची गरज नाही. बाकी, घर बाईच्या नावावर असण्याचं मोल पैशात मोजण्याच्या पलीकडचं आहे. सवलत नसती तरी मी तेच सुचवलं असतं.

५० लाखांच्या वरच्या घराला टीडीएस कोणी भरायचा?

खरेदीदाराने. टीडीएस म्हणजे विक्रेत्याला पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा प्राप्तिकर. किंमत किंवा मुद्रांक मूल्यांकन ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कापून, तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन भरायचा आणि बिल्डरला दाखला द्यायचा. मर्यादा बघताना पार्किंग, मेंटेनन्स, क्लब असे पैसेही धरतात. दोघांनी मिळून घेतलं तरी एकूण किंमतच बघतात. हे पैसे बिल्डरच्या रकमेतून जातात, तुमच्या खिशातून वेगळे जात नाहीत. पण उशीर झाला तर व्याज आणि दंड तुमच्या माथी.

बँक किती टक्के देते?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत. ही कमाल मर्यादा आहे. तुमचा पगार किंवा धंद्याची रिटर्न बघून बँक त्याहून कमी देऊ शकते. स्टॅम्प आणि नोंदणीचे पैसे या किमतीत धरत नाहीत, ते तुमचे तुम्हीच उभे करायचे.

वरचाच ४२ लाखांचा फ्लॅट घेऊ. कर्ज जास्तीत जास्त ३३ लाख ६० हजार. तुमचे ८ लाख ४० हजार, अधिक सरकारजमा ३ लाख २४ हजार. म्हणजे हातात ११ लाख ६४ हजार हवेत, आणि यात लाईट मीटर, मेंटेनन्स, फर्निचर काहीच आलेलं नाही. "वीस टक्के जमवले की झालं" हा समज इथे तुटतो.

बँकेकडे प्रोसेसिंग फी, सर्च आणि मूल्यांकनाचे पैसे, गहाणाच्या नोंदीवरचं मुद्रांक शुल्क असे खर्च येतात. कर्जासोबत विमा गळ्यात मारला जातो. घ्यायचा तर घ्या, पण तो सक्तीचा नाही. बांधकाम चालू असताना जेवढे पैसे उचलले तेवढ्यावर व्याज सुरू होतं. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लावता येत नाही. ऊसबिल, बोनस, जे काही हाताला लागेल ते मुद्दलात टाकत चला.

टोकन किती द्यावं? सौदा मोडला तर परत मिळतं का?

नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, हा रेराचा नियम आहे. साध्या स्टॅम्पवर संचकारपत्र (इसाराचा कागद) करून २०-२५ टक्के मागत असतील तर देऊ नका. टोकन चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि वाटपपत्र (अलॉटमेंट लेटर) घ्या. महारेराच्या नमुना वाटपपत्रात बुकिंग पंधरा दिवसांत रद्द केलं तर कपात नाही. पुढे दिवस जातील तशी कपात वाढते आणि ती २ टक्क्यांवर थांबते. बँकेची मंजुरी नाकारली जाण्याची शक्यता वाटत असेल तर "कर्ज न झाल्यास पूर्ण परतावा" हे वाक्य त्या पत्रात आधीच घालून घ्या.

हप्ते कोणत्या टप्प्याला किती?

नमुना करारातल्या कमाल मर्यादा अशा आहेत: करारापर्यंत १०, करारानंतर एकूण ३०, प्लिंथ (जोतं) झाल्यावर ४५, सगळे स्लॅब पडल्यावर ७०, भिंती-गिलावा-फरशी-दारं-खिडक्या झाल्यावर ७५, जिने आणि सॅनिटरी कामानंतर ८०, बाहेरचं प्लंबिंग आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगनंतर ८५, लिफ्ट-पंप-लाईट फिटिंगनंतर ९५ टक्के. उरलेले ५ टक्के भोगवटा दाखल्यासह ताबा देताना. मागणीपत्र आलं की साइटवर चक्कर टाका आणि तो टप्पा खरंच झालाय का बघा. शेवटचे ५ टक्के दाखल्याआधी सोडू नका, तुमच्या हातात तेवढंच राहिलेलं असतं.

महापालिका हद्द की आजूबाजूची गावं? खर्चात काय फरक पडतो?

उजळाईवाडी, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, शिंगणापूर अशा गावांत दर कमी असतो म्हणून ओढा तिकडे आहे. २०१७ साली शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्यामुळे बांधकाम परवाना नक्की कोणी दिलाय आणि त्यावर कोणाचा शिक्का आहे, हे बघून घ्या.

खर्चाचा मोठा मुद्दा पाण्याचा. काळम्मावाडी धरणातून येणारी थेट पाइपलाइन शहरासाठी आहे. गावातल्या अपार्टमेंटला त्या त्या गावाची योजना, बोअर किंवा टँकर. एप्रिल-मे महिन्यात त्याच गल्लीतल्या जुन्या इमारतीत जाऊन "टँकरला महिन्याला किती जातात?" असं विचारा. साइट ऑफिसपेक्षा तिथलं उत्तर खरं असेल. ड्रेनेज लाईन आहे की सेप्टिक टँक, तेही तिथेच कळेल.

पूररेषेचा आणि खर्चाचा काय संबंध?

कोल्हापुरात फार जवळचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्कचा आणि कदमवाडी-जाधववाडीचा काही भाग यांनी पाणी बघितलंय. नकाशावर नदीजवळची पूररेषा निळी आणि बाहेरची लाल असते. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते.

तुमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर असला तरी गाडी, मीटर, पाण्याची मोटर आणि लिफ्टचा खड्डा खालीच असतो. पाणी शिरलं की दुरुस्तीची वर्गणी सगळ्यांना येते. मीटरची खोली किती उंचीवर आहे आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण कुठे आहे, हे स्वतः बघा. शेजारच्या घराच्या भिंतीवर २०१९ ची खूण दाखवणारं कोणीतरी हमखास भेटतं. मंजूर नकाशावर पूररेषा दाखवलेली असेल तर तिची प्रत मागा. घराचा विमा घेताना "भारत गृह रक्षा" या प्रमाण पॉलिसीत पूर धरलेला असतो. घरातल्या सामानाचं संरक्षण किती, तेवढं विचारून घ्या.

ताबा घेताना काय तपासावं म्हणजे नंतर खर्च निघणार नाही?

पाऊस चालू असताना गेलात तर उत्तम. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांवर आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमखालच्या छतावर ओल शोधा. बाथरूममध्ये एक बादली पाणी ओता आणि पाणी जाळीकडे जातं की दाराकडे, ते उभं राहून बघा. फरशीवर नाणं वाजवत जा. पोकळ आवाज आला की तिथे खडूने खूण करा. सगळी यादी लेखी देऊन पोच घ्या. बांधकामाच्या दर्जातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे, हे रेरात लिहिलेलं आहे.

राहायला जाताना आणखी किती धरावेत?

किचन ट्रॉली, ग्रील, सेफ्टी डोअर, गीझर, पंखे, पडदे, कपाटं. यादी सगळ्यांनाच पाठ असते, आकडा मात्र कोणी मांडत नाही. सुताराकडून आणि ट्रॉलीवाल्याकडून लेखी कोटेशन टोकनच्या आधीच घ्या. वास्तुशांतीचं जेवण किती पानांचं, तेही त्याच कागदावर लिहा. पान वाढवायचा मोह होतो आणि व्हायलाही हवा, घर आयुष्यात एकदाच होतं. फक्त ते पैसे कर्जाच्या हप्त्यातून काढू नका.

मेंटेनन्स आणि घरफाळा?

मेंटेनन्स आगाऊ घेतला असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी कॉस्ट शीटमध्ये दिसतो. तो कोणत्या तारखेपासून धरला, ताब्यापासून की दाखल्यापासून, ते विचारा. घरफाळा आणि पाणीपट्टी आपल्या नावावर करून घ्यायचं काम लोक वर्षानुवर्षं लांबवतात. करार आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) घेऊन पहिल्या दोन महिन्यांतच अर्ज द्या.

सरकारी सबसिडी अजून आहे का?

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज सवलत आहे: वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही हप्त्याहप्त्याने जमा होतात. हे पैसे सुरुवातीच्या जमवाजमवीत धरू नका.

बिल्डरने शब्द फिरवला तर कुठे जायचं?

आधी लेखी पत्र द्या, त्याची पोच ठेवा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर टाकला की ताब्याची जाहीर तारीख, मंजूर नकाशे, किती फ्लॅट विकले गेले, सगळं दिसतं. ताबा लांबला आणि तुम्हाला घर हवंच असेल तर महिन्यागणिक व्याज मागता येतं. नको असेल तर सगळे पैसे व्याजासह परत. तक्रार ऑनलाइन करायची, फी ५,००० रुपये. आधी सलोखा मंचाकडे जाऊन तडजोडीचा मार्गही आहे. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. दोन्हीकडे पहिला कागद मागतील तो करार आणि पावत्या, म्हणून टोकनच्या दिवसापासून एक फाइल लावा आणि तो सही-शिक्क्याचा कॉस्ट शीटचा कागद तिच्यात सगळ्यात वर ठेवा.